सावित्रीच्या मागोमाग : तिघी बहिणी, वाई ते बाणकोट

कृष्णाकाठची

आम्ही तिघी बहिणी. आक्का कराडला, वय ६७. मी वाईला, ६२. धाकटी महाडला, ५७. लग्नं झाल्यापासून तिघी एका छपराखाली आलो ते कुणाच्या तरी लग्नात, बारशात नाहीतर तेराव्याला. तिथं तिघींच्याही कमरेला पदर खोचलेला. कुणी पोळ्या लाटतंय, कुणी पाहुण्यांची अंथरुणं घालतंय. रात्री दोनला स्वयंपाकघरात लादीवर आडवं व्हायचं आणि झोप लागेपर्यंत जेवढं बोलून होईल तेवढं बोलायचं. माहेरचं घर २०१४ साली विकलं. मग ती लादीही गेली.

गेल्या फाल्गुनात आम्ही पहिल्यांदाच, कुणाचंही कार्य नसताना, तिघीच चार दिवस बाहेर पडलो. गाडी मी चालवली. कोकणात कुठं जावं असं इथं, या चर्चेच्या मंचावर, बरेचदा विचारलं जातं आणि उत्तरात हॉटेलांची नावं येतात. आम्ही हॉटेल धरलं नाही, एक नदी धरली. म्हणून सविस्तर लिहितेय.

नदी सावित्री. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात एका गोमुखातून पाच नद्या निघतात असं आपण लहानपणापासून ऐकतो: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला येऊन मिळते, कोयना कराडला. सावित्री आणि गायत्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरतात. १९८९ मध्ये धाकटीला महाडला दिली तेव्हा आई म्हणाली होती, "तिघी फिरून एकमेकींना भेटतात, कोकणात उतरलेली भेटत नाही." धाकटीच्या वाट्याला ते बऱ्यापैकी खरं आलं. घाट, पावसाळा, दुकान, सासू-सासऱ्यांची आजारपणं. दोन-दोन वर्षं तिचं तोंड दिसायचं नाही.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. आमच्या डोक्यावरचा तोच पाऊस सावित्रीतून खाली गेला आणि धाकटीच्या घरात शिरला. तळमजला पूर्ण बुडाला. ती आणि तिचे मिस्टर दोन रात्री माडीवर होते. मी वाईत, तिच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर, आणि आंबेनळी घाट तुटलेला. तीन दिवस फोन लागला नाही. आक्का कराडहून दर तासाला मला विचारायची, "लागला का?" माझ्याकडं एकच उत्तर.

त्या पुरात धाकटीच्या लग्नातल्या साड्या गेल्या, आईच्या हातची गोधडी गेली, सगळे फोटो गेले. तेव्हापासून ती नदीकडं बघत नाही. एसटी पुलावर आली की तोंड दुसऱ्या खिडकीकडं करते. ती हे कुणाला सांगत नाही. आक्काच्या लक्षात आलं होतं. सहलीचं निघालं तेव्हा आक्का म्हणाली, "हिनं नदी घरात शिरलेलीच बघितलीय. जन्मल्यापासून समुद्राला मिळेपर्यंत एकदा बघू दे."

धाकटी आदल्या दिवशी एसटीनं वाईला आली. पहाटे सहाला निघालो. पसरणी घाट, पाचगणी, आणि गर्दी व्हायच्या आत देवळात. काळ्या दगडाचं ते देऊळ सकाळी इतकं गार असतं की पायांना कळतं. गोमुखातून पाणी कुंडात पडत होतं, आवाज अगदी लहान. धाकटी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढीशीच आहे." आक्कानं घरून आणलेली तांब्याची बाटली भरून घेतली.

तिथून आर्थर सीट. बहुतेक लोक हवेत टोपी टाकायला आणि फोटोला जातात. तिथं उभं राहून एकदा दोन्हीकडं बघा. एका अंगाला जोर गावाचं खोरं, म्हणजे कृष्णेचं. दुसऱ्या अंगाला सावित्रीचं, सरळ कोकणात कोसळलेलं. मधे एक डोंगराची धार. या बाजूला पडलेला थेंब १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलादीवीला बंगालच्या उपसागरात जातो, त्या बाजूचा शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला अरबी समुद्रात. ज्या आर्थर मॅलेटचं नाव या कड्याला आहे त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटजवळ होडी बुडून गेली. तो इथं बसून सावित्रीच्या खोऱ्याकडं बघत राहायचा असं सांगतात. मी ही गोष्ट शाळेतल्या मुलांना कित्येकदा सांगितली असेन. त्या दिवशी धाकटीच्या समोर सांगताना मधेच थांबले.

आंबेनळी घाट उतरताना घाई करू नका. दुसरा गिअर सोडायचा नाही, प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि चढणाऱ्याला आधी वाट. दरीच्या बाजूला बरेच ठिकाणी नवे काँक्रीटचे कठडे आहेत, त्यावरूनच २०२१ ला काय झालं असेल त्याचा अंदाज येतो. प्रतापगडाला गेलो नाही, आक्काचे गुडघे. पोलादपूरला उतरलो की हवा बदलते, गाडीच्या काचा खाली केल्या तर वास बदललेला लगेच कळतो.

पोलादपूर ते महाडच्या मधे सावित्रीवरचा पूल लागतो. इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसट्या प्रवाशांसकट गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. पुलावर मी गाडी हळू केली. धाकटी म्हणाली, "ताई, थांबू नको." थांबले नाही.

मुक्काम धाकटीकडंच. दोनदा रंग दिलाय तरी भिंतीवरची पाण्याची रेघ अजून उमटते, माझ्या डोक्याच्या वर. आक्कानं तांब्याची बाटली देवघरात ठेवायला काढली. धाकटीनं तिच्या हातातून घेतली, पुन्हा पिशवीत घातली आणि म्हणाली, "आक्का, हिचं पाणी मी घरात ठेवणार नाही." आवाज चढवला नाही. आम्ही दोघींनीही पुढं काही म्हटलं नाही.

पुढचं उद्या लिहिते. डोळे दुखतात रात्री.

घाटवाट

ताई, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. दोन प्रश्न. आंबेनळी पावसाळ्यात करावा का? आणि तुम्ही एकट्याच गाडी चालवत होतात, तर दिवसाला किती अंतर ठेवलंत?

सुरूची बाग

वाचता वाचता माझी आई आणि दोन मावश्या डोळ्यांसमोर आल्या. त्या तिघी कधीच अशा बाहेर पडल्या नाहीत. मोठी मावशी गेली तेव्हा आई म्हणाली, "आम्ही दोघी कधी एका ताटात निवांत जेवलोच नाही." लवकर लिहा पुढचं.

महाडचा

ताई, मी त्याच पेठेतला. रेघ आमच्याही भिंतीला आहे. त्या रात्री नुसता पाऊस नव्हता हे बाहेरच्यांना कळावं म्हणून लिहितो. २४ तारखेला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे खाडीला उधाण. महाड समुद्रापासून लांब वाटतं, पण भरतीचा दाब खाडीतून वरपर्यंत येतो. पूर्वी इथं गलबतं यायची ती याच पाण्यावर. वरून डोंगराचं पाणी, खालून समुद्र पाणी सोडत नाही, मधे शहर. २२ तारखेलाच आपल्या तालुक्यात तळीये गावावर दरड आली. ती माणसं आम्ही कधी विसरणार नाही.

महाडला मुक्काम केलात तर चवदार तळ्यावर गेलात का?

कृष्णाकाठची

घाटवाट, पावसाळ्यात त्या घाटानं जाऊ नका असंच मी सांगेन. दरड आणि धुकं दोन्ही. ऑक्टोबर ते मे ठीक. मी दिवसाला चार तासांच्या वर गाडी चालवली नाही, आणि सूर्य बुडाल्यावर अजिबात नाही. तो नियम आक्कानं निघतानाच घालून दिला होता.

महाडचा, तुम्ही लिहिलंत ते मी धाकटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय, पौर्णिमेचंच होतं." चवदार तळ्यावर संध्याकाळी गेलो होतो. धाकटी पस्तीस वर्षं त्या गावात, भाजीला जाताना रोज तळ्यावरून जाते, पण आत जाऊन बसली नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हजारो माणसांनी ज्या पाण्याला हात लावला ते हे पाणी. मी पाचवीच्या वर्गाला तो धडा वीस वर्षं शिकवला, तळं प्रत्यक्ष त्या दिवशी पाहिलं. एक आजी नातवाला ओंजळ कशी करायची ते दाखवत होत्या. आम्ही तिघी अंधार पडेपर्यंत पायऱ्यांवर बसलो.

कृष्णाकाठची

दिवस दुसरा. महाडहून टोळ फाट्यावरून आत वळलो आणि आंबेटचा रस्ता धरला. हा रस्ता मला सगळ्यात आवडला आणि याबद्दल कुणी लिहीत नाही. नदी आता नदी राहिलेली नसते, खाडी झालेली असते. कधी रस्त्याला लागून, कधी झाडांमागं. काठानं कांदळवन, मधेच चिखलात उताणी पडलेली होडी, ओहोटीत उघडे पडलेले काठ आणि त्यात बगळे. गावं लहान, घरं जांभ्याची, अंगणात सुकट वाळत घातलेली. एका फाट्यावर एक बाई ओले काजूगर विकत बसली होती. फाल्गुनात हे मिळतात, सोडू नका. सोलताना त्यांच्या हाताची कातडी चिकानं जळते. त्यांनी सांगितलेला भाव तोच दिला.

म्हसळ्यावरून हरिहरेश्वरला दुपारी पोचलो. आधी एका ठिकाणी फोनवर खोली ठरवली होती, तिथं न्हाणीघरात पाणीच नव्हतं आणि पायऱ्या उभ्या. पैसे सोडून दिले आणि देवळाजवळ एका घरी उतरलो. काकूंनी काजूगर आमच्या पिशवीतूनच घेतले आणि उसळ करून वाढली. बरोबर आंबोळी आणि सोलकढी. मी घाटावरून वाघ्या घेवडा आणि ज्वारीचं पीठ धाकटीसाठी आणलं होतं, त्यातला थोडा घेवडा काकूंना दिला.

हरिहरेश्वर पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ मूळचे शेजारच्या श्रीवर्धनचे. प्रदक्षिणेला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. देवळामागून पायऱ्या चढून, खडकाच्या चिंचोळ्या भेगेतून उतरलं की प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागते. लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, त्यांत बोटं घालून बघावीशी वाटतात. धाकटी पस्तीस वर्षं इथून दोन-अडीच तासांवर राहतेय आणि ही वाट तिनं पाहिली नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आणणार कोण?"

आक्का पायऱ्यांच्या मध्यावर बसली. "तुम्ही जाऊन या, मी इथून तुमची डोकी बघते." आम्ही परत आलो तेव्हा तिनं शेजारी बसलेल्या एका कोळीण आजींकडून मुलगा, सून, नातू, बोट, कर्ज सगळं ऐकून घेतलेलं होतं.

प्रदक्षिणेबद्दल एक गोष्ट काकुळतीनं सांगते. ओहोटीलाच जा. तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. पाटी लावलेली असते, ती वाचा, आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

खाडीकाठ

मी श्रीवर्धनचा. ताईंनी ओहोटीचं लिहिलं ते लाखमोलाचं. वेळ कशी काढायची ते सांगतो, आमच्याकडं लहान पोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीनला, दुपारी आणि पहाटेही. तिथून सहा तास सरकलं की ओहोटी, नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. वेळ थोडी इकडं तिकडं होते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाली उतरायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त आत जातं आणि तितक्याच जोरानं येतं. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी.

आणखी एक. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आता बघाल तर मधे मधे आभाळ दिसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथंच जमिनीवर आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली सुपारी, हेच आमचं वर्षाचं मीठ-पीठ. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या वर्षी वडील रोज सकाळी वाडीत जाऊन नुसते उभे राहायचे. आता लावलेली रोपं माझ्या खांद्याच्या वर गेलीत. पाहुणे आले, घरगुती राहिले, सुपारी-कोकम विकत घेतलं की हातभार लागतो. ताईंनी घरात उतरायचं ठरवलं याचा आनंद झाला.

कृष्णाकाठची

खाडीकाठ, आम्ही गेलो ती शुद्ध चतुर्थीच होती! काकूंनी "सकाळी साडेआठला उतरा" सांगितलं ते यावरून होतं हे आज कळलं. पाऊणपटीचा हिशेब मी वहीत लिहून घेतला. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

दिवस तिसरा. प्रदक्षिणा सकाळी उरकून बागमांडल्याला गेलो. इथून वेश्वीला फेरीबोट जाते, गाड्या, मोटारसायकली, माणसं सगळं घेऊन. गावातले तिला जंगलजेटीच म्हणतात. मला गाडी बोटीवर चढवायची धास्ती होती. फेरीवरची मुलं हातानं खुणा करतात, फक्त त्यांच्याकडं बघायचं, आजूबाजूच्या सल्ल्यांकडं नाही. हँडब्रेक ओढला आणि तिघी कठड्याला जाऊन उभ्या राहिलो.

पलीकडं जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ही सावित्रीच. दोन दिवसांपूर्वी गोमुखातून करंगळीएवढी पडत होती तीच. डावीकडं डोंगरांकडून आलेली, उजवीकडं समुद्राकडं उघडलेली, इतकी रुंद की पलीकडच्या काठावरची माणसं ठिपक्यांएवढी. धाकटी आधी गाडीतच बसून होती. बोट मध्यावर आली तेव्हा दार उघडून बाहेर आली आणि आमच्या दोघींच्या मधे उभी राहिली. बघत होती. आक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला, मी समोरच पाहत राहिले. बोटीच्या इंजिनाचा आवाज एवढा होता की कुणाला काही बोलायची गरज पडली नाही.

वेश्वीहून बाणकोटचा किल्ला जवळच. जांभ्याचा, लहानसा, खंदक असलेला. हिम्मतगड त्याचं नाव. इंग्रजांनी १७५५-५६ मध्ये घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया केला. गाडी बरीच वर जाते, त्यामुळं आक्कालाही चढता आलं. बुरुजावरून खाडीचं तोंड दिसतं. गढूळ पट्टा समुद्रात कुठपर्यंत जातो आणि निळं पाणी कुठं सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. समोर हरिहरेश्वरचा डोंगर. तिथं तासभर बसलो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या उरल्या होत्या त्या संपवल्या. धाकटीनं मग पुराच्या दोन रात्रींचं सांगितलं, पहिल्यांदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

संध्याकाळी वेळास. वाईकरांना वेळास जवळचं वाटायला आणखी एक कारण आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आमच्या घरापासून पायी जाण्याएवढा, आणि वेळास हे नानांचं मूळ गाव. गावात त्यांचा अर्धपुतळा आहे. घाटावर कृष्णेच्या काठी वाडा बांधणाऱ्या माणसाचं मूळ इथं, सावित्रीच्या मुखाशी.

कासवांचं सगळ्यांना माहीत असतं, तरी थोडक्यात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत किनाऱ्यावर येऊन खड्ड्यात शंभरेक अंडी घालून परत जातात. कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचावीत म्हणून कासवमित्र ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, तितक्याच खोल वाळूत ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी त्या खड्ड्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलून बघतात, असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून हे काम उभं केलं. पूर्वी ज्या गावात अंडी खाल्ली जायची तिथं आता घरोघरी कासवांसाठी आलेले पाहुणे राहतात.

संध्याकाळी एकही पिल्लू नव्हतं. पुढचे दोन-तीन दिवसही नसतील कदाचित, असं सांगितलं. पुण्याहून आलेली दोन कुटुंबं वैतागून निघून गेली. आम्ही राहिलो. सकाळी सातला एका टोपलीखाली चौदा पिल्लं होती. वाळूत सोडल्यावर काही तडक निघाली, काही गोल फिरत राहिली. लाट आली की दोन हात मागं फेकली जायची आणि पुन्हा तोंड वळवून चालू लागायची. एक सगळ्यांत मागं होतं. धाकटी दोरीच्या अलीकडं उकिडवी बसून त्याच्याकडंच बघत होती, आणि ते पाण्यात शिरेपर्यंत उठली नाही.

चौथा दिवस पटकन सांगते, कारण तो आम्ही घाईत घालवला आणि चुकलं. केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव, सगळं एका दिवसात. लिलाव बघण्यासारखा आहे, बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांमधून मासळी घेऊन येतात, मागं समुद्रात सुवर्णदुर्ग. पण आक्का दमली, माझी चिडचिड झाली. वेळासला आणखी एक रात्र राहायला हवं होतं. मंडणगड-म्हाप्रळवरून महाडला परत.

निळी छत्री

ताई, लेखन सुंदर. कासवांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मी एका गावात (नाव लिहीत नाही) शनिवारी गेलो होतो. अडीचशे-तीनशे माणसं, फ्लॅश, लहान मुलांना खांद्यावर घेऊन दोरीच्या आत पाय टाकणारे बाप. एकानं पिल्लू उचलून हातावर घेतलं फोटोसाठी. अशा धाग्यांमुळं गर्दी वाढते असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठची

निळी छत्री, तुम्ही रागावणं योग्य आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. पिल्लाला स्वतःच्या पायांनी वाळूवरून चालू देणं गरजेचं असतं, हे तिथल्या मुलानं आम्हाला तीनदा समजावलं. आम्ही मंगळवारी होतो, जेमतेम पंधरा माणसं. म्हणून लिहिते: शनिवार-रविवार टाळा, फ्लॅश बंद, भडक कपडे नकोत, दोरीच्या अलीकडं बसा, उभं राहू नका. आणि पिल्लं दिसलीच पाहिजेत असा हट्ट धरून जायचं असेल तर जाऊच नका. पण गावाला कासवांतून चार पैसे मिळणं थांबलं तर अंडी कोण राखणार, हाही प्रश्न आहे. माझ्याकडं याचं पूर्ण उत्तर नाही.

खाडीकाठ

+१ ताईंना. आमच्याकडच्या किनाऱ्यांवरही मुलं रात्र-रात्र गस्त घालतात, दोन-तीनला टॉर्च घेऊन माग शोधत. त्यांना विचारा पाहुणे हवेत की नकोत. शिस्तीतले हवेत, एवढंच सांगतील.

लांबची लेक

मी डब्लिनला असते, बहीण नाशिकला. दोघींचं डिसेंबरात असं काही करायचं ठरतंय, पाच दिवस आहेत. तिला संधिवात आहे, फार चालता येत नाही. हाच मार्ग जमेल का? कासवं दिसतील का?

खाडीकाठ

डिसेंबरात माद्या अंडी घालायला येतात, त्याही रात्री. पिल्लांसाठी फेब्रुवारी अखेर ते एप्रिल धरा.

कृष्णाकाठची

लांबची लेक, मार्ग जमेल. पाच दिवस असतील तर हर्णै सोडा आणि जिथं बरं वाटेल तिथं दोन रात्री राहा. पंचगंगेच्या देवळात पायऱ्या थोड्या आहेत, बाणकोटला गाडी वर जाते, फेरीवर तर गाडीतून उतरलं नाही तरी चालतं. हरिहरेश्वरच्या पायऱ्यांवर बहिणीला बसवा, छोटी उशी न्या. घर ठरवताना तीन गोष्टी फोनवरच विचारा: खोली तळाला आहे का, संडास कमोडचा आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. आम्ही पहिल्या ठिकाणी विचारलं नाही. आणि बरोबर कुणालाही घेऊ नका, मुलांनाही नाही. आमच्या भाच्यानं "मी ड्रायव्हर म्हणून येतो" म्हटलं होतं, फार गुणी मुलगा, पण तो असता तर आक्का दोन्ही वेळा त्याच्या ताटात काय आहे ते बघत बसली असती.

सुरूची बाग

ताई, एक विचारू का? त्या तांब्याच्या बाटलीचं काय झालं? मला वाटलं होतं बाणकोटला समुद्रात सोडली असेल.

कृष्णाकाठची

नाही. आक्कानं फेरीवर विचारलं होतं, "ओतायचं का इथं?" धाकटी म्हणाली, "नको, राहू दे." मग किल्ल्यावर विचारलं नाही. महाडला परतल्यावर धाकटीला सोडून आम्ही घाट चढलो तेव्हा बाटली गाडीतच होती, मागच्या सीटखाली. आता ती आक्काच्या देवघरात कराडला आहे.

परवा धाकटीचा फोन आला होता. दुकानाचं, सुनेचं, उकाड्याचं बोलली. ठेवता ठेवता विचारलं, "आक्काकडं ते पाणी आहे ना अजून? खराब नाही ना होत?" मी म्हटलं, तांब्यात आहे, टिकतं. "बरं," म्हणाली.